चंद्राच्या वाटेवरचं मधलं दार



२६ जून २०२५ ची दुपार आठवा. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आणि त्यांचे तीन सहकारी ज्या ड्रॅगन यानातून निघाले होते, ते यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. आपल्याकडे दुपारचे चार वाजले होते. इथे महूला आमच्या घरी शेजारपाजारची मंडळी जमली होती. टाळ्या झाल्या, कुणीतरी पेढेसुद्धा आणले. आणि मग पडद्यावर काहीच घडेना. पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला, पेढे संपले, लोक आपापल्या घरी गेले. दार उघडून शुक्ला स्थानकात तरंगत आले तेव्हा दीड तासाहून जास्त वेळ लोटला होता.

त्यानंतर हैदराबादच्या एका ताईंचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब, यान तर लागलं होतं. मग ही मंडळी आत का जात नव्हती? आपण गाडी दारात लावली की लगेच उतरतो ना?"

प्रश्न साधा आहे आणि फार चांगला आहे. दोन यानं एकमेकांना जोडली गेली, याला इंग्रजीतून आलेला आणि आता मराठीत रुळलेला शब्द म्हणजे डॉकिंग. बातमी डॉकिंगपाशी संपते. माणसाचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं, कारण त्याला या यानातून त्या यानात जायचं असतं. ही मधली वाट कशी तयार होते, ती नसेल तर काय होतं आणि एकदा तीन माणसांचे प्राण तिने कसे वाचवले, हे आज बघू. त्यासाठी चंद्राच्या मोहिमांकडे जावं लागेल. तिथे ही वाट सोयीपुरती नव्हती. माणूस घरी परत येणार की नाही, ते तिच्यावर ठरत होतं.

दोन यानं कशाला?

अमेरिकेने चंद्रावर जायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न होता, एकच मोठं यान उतरवायचं का? तसं केलं तर परतीचं सगळं इंधन, पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारं जड उष्णतारोधक कवच, तिघांचं सामान, हे सगळं चंद्रावर उतरवायचं आणि तिथून पुन्हा उचलायचं. म्हणजे गड चढताना घरचं कपाट पाठीवर घेण्यासारखं झालं. नासातले अभियंते जॉन हुबोल्ट यांनी दुसऱ्या मार्गाचा पाठपुरावा केला. मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं, एका हलक्या लँडरमधून दोघांनी खाली जायचं, काम उरकून वर यायचं आणि मोठ्या यानाला येऊन मिळायचं. सुरुवातीला त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही. अखेर जुलै १९६२ मध्ये नासाने हाच मार्ग निवडला.

वजन वाचलं, पण एक नवी अट आली. खाली गेलेल्या दोघांना वर येऊन पुन्हा जोडून घ्यावंच लागणार होतं. लँडरला उष्णतारोधक कवच नव्हतं, त्यामुळे त्यात बसून पृथ्वीवर उतरणं अशक्य. घरी यायचं तर मधल्या दारातून मुख्य यानात यायला हवं.

हा विचार झाला तेव्हा अंतराळात कुणीही कुणाला जोडलेलं नव्हतं. पहिलं डॉकिंग झालं १६ मार्च १९६६ रोजी. जेमिनी ८ यानातून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी एका मानवरहित यानाला आपलं यान जोडलं. जोडी लागली, पण थोड्याच वेळात ती गरगर फिरू लागली. सुटं झाल्यावर यान आणखी वेगाने फिरलं, कारण त्यांच्याच यानाचा एक छोटा थ्रस्टर चालू राहिला होता. आर्मस्ट्राँग यांनी यान सावरलं आणि मोहीम आवरती घेऊन ते परतले. तेव्हा या दोघांना पलीकडे जायचं नव्हतंच. जेमिनीला तशी वाटच नव्हती.

नरसाळं आणि सळई

आता अपोलोची जोडणी बघू. आपल्या सोयीसाठी कमांड मॉड्यूलला मी मुख्य यान म्हणतो आणि लुनार मॉड्यूलला लँडर. चांद्रयानामुळे लँडर हा शब्द आता घराघरात माहीत आहे.

मुख्य यानाच्या नाकावर एक सळई होती, तिला प्रोब म्हणत. लँडरच्या छतात एक खोलगट नरसाळं होतं, त्याला ड्रोग म्हणत. रॉकेलच्या दिवसांत आपण सगळ्यांनी नरसाळं वापरलं आहे. धार थोडी इकडेतिकडे पडली तरी नरसाळं तिला मधल्या भोकाकडे आणतं. इथेही तेच तत्त्व. मुख्य यानाचा चालक सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश वेगाने पुढे जायचा. सळईचं टोक नरसाळ्याच्या भिंतीला लागलं तरी घसरत मध्यावर पोचायचं आणि टोकावरचे तीन छोटे खटके भोकात अडकायचे. ही झाली कच्ची जोडणी. दोन्ही यानं आता एकमेकांना धरून असायची, पण सैलसर.

मग सळईतला नायट्रोजन वायू सोडला की सळई आत ओढली जायची आणि लँडर मुख्य यानाजवळ खेचला जायचा. दोन्हींच्या कडा एकमेकींवर बसल्या की मुख्य यानाच्या कडेवरचे बारा अडसर आपोआप खटाखट लागायचे. ही पक्की जोडणी.

मी सैन्यात इंजिनियर्समध्ये होतो, त्यामुळे हे वाचताना मला बेली ब्रिज आठवतो. दहा फुटांचं एकेक पॅनेल दुसऱ्याला लावून, मध्ये पिन ठोकून तो पूल उभा राहतो. नवखा अधिकारी असताना मी रात्रीच्या सरावात एक पिन बसेना म्हणून हातोडा चालवायला सांगितलं. आमचे सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी भोकासमोर भोक आणू या. पिन मग हातानेसुद्धा जाईल." आधी समोरासमोर आणायचं आणि मगच घट्ट करायचं. अपोलोची कच्ची आणि पक्की जोडणी हेच करते.

घट्ट करणं का गरजेचं होतं? लँडरचं वजन सुमारे १५ टन आणि मुख्य यान, मागच्या इंजिनाच्या भागासकट, त्याच्या जवळपास दुप्पट. ही जोडी नाकाला नाक लावून तीन दिवस प्रवास करायची. चंद्राजवळ पोचल्यावर वेग कमी करायला मोठं इंजिन पेटवायचं, त्याचा जोर सुमारे ९ टन. तो सगळा जोर या सांध्यातून पलीकडे जायचा. आणि त्याच सांध्यातून माणसांनी हवेची गळती न होता ये-जा करायची.

कुकरचं झाकण

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. जोडणी पक्की झाली, मग दार का उघडत नाही?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. काही कुकरचं झाकण भांड्याच्या आतल्या बाजूने लागतं. आत वाफ भरली की तीच वाफ झाकणाला काठावर दाबून धरते. वाफ असेपर्यंत पहिलवान आणला तरी ते झाकण निघत नाही आणि वाफ गेली की एका हाताने निघतं.

अपोलोच्या दोन्ही यानांची मधली झाकणं अशीच होती. मुख्य यानाचं झाकण मुख्य यानाच्या आत उघडायचं, लँडरचं लँडरच्या आत. मध्ये बोगद्याची जागा. जोडणी होते त्या क्षणी बोगद्यात हवा नसते, तिथे बाहेरचीच पोकळी असते. म्हणजे दोन्हीकडची हवा आपापलं झाकण बोगद्याच्या दिशेने दाबून धरते.

किती जोराने? हिशोब सोपा आहे. बोगद्याचं तोंड सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाचं होतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ५,००० चौरस सेंटिमीटर. प्रवासात अपोलोच्या आत जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन असायचा आणि त्याचा दाब आपल्याकडच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ३५० ग्रॅम. गुणाकार केला तर झाकणावर १,७५० किलोंचा भार येतो. दाबातला फरक याच्या विसाव्या हिश्शाइतका उरला, तरी ८५ ते ९० किलो होतात.

म्हणून झाकणात एक छोटी झडप असायची. ती उघडून बोगद्यात हवा भरायची. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तेच झाकण सहज निघायचं. पण त्याआधी बोगदा हवा धरून ठेवतो की नाही, हे बघायला हवं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो. अंतराळात ती घमेली नाही. तिथे हवा भरायची आणि दाबाचा काटा हलतो का ते बघत बसायचं. थोडा वेळ थांबल्याशिवाय बारीक गळती कळत नाही. हैदराबादच्या ताईंनी जे बघितलं, त्यातला बराच वेळ हे काटा बघण्याचं काम चाललेलं असतं.

अशी आतून लागणारी झाकणं पोकळीत फार भरवशाची, कारण दाबच त्यांना बंद ठेवतो. जमिनीवर मात्र त्याच गुणाने घात केला. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ ची जमिनीवरची चाचणी चालू असताना यानात आग लागली. आतला दाब एकदम वाढला आणि आत उघडणारं बाजूचं मुख्य दार उघडता आलं नाही. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी तिघेही गेले. त्यानंतर ते दार बदलून बाहेर उघडणारं आणि झटपट उघडता येणारं केलं गेलं. दाराची दिशा हा सुताराने ठरवायचा किरकोळ तपशील वाटतो. इथे त्याची किंमत तीन माणसांनी चुकवली.

उंबऱ्यातला खांब

दाब सारखा झाला, झाकण निघालं. आता पलीकडे जाता येईल? अजून नाही. ज्या सळईने आणि नरसाळ्याने दोन यानं जोडली, तीच आता बोगद्याच्या बरोबर मध्ये, उंबऱ्यात खांब रोवावा तशी उभी. ती हाताने काढायची.

क्रम साधारण असा असायचा. मुख्य यानाचं झाकण काढून बाजूला ठेवायचं. बाराही अडसर नीट लागलेत ना, ते तपासायचं. एखादा लागला नसेल तर हाताने लावायचा. मुख्य यानाकडून लँडरला वीज देणाऱ्या तारा जोडायच्या. मग सळई काढायची, तिच्यामागून नरसाळं काढायचं, आणि शेवटी लँडरचं झाकण उघडायचं. सगळं त्या ८० सेंटिमीटरच्या बोळात, वजनरहित अवस्थेत, जिथे जोर लावायला गेलं की माणूसच उलट्या दिशेने जातो.

पलीकडे पोचल्यावर आणखी एक गंमत. मुख्य यानात बोगदा डोक्याच्या दिशेला आणि लँडरमध्ये तो छतात. त्यामुळे "वर" जाता जाता माणूस लँडरच्या छतातून डोकं खाली करून उतरायचा. मग कोलांटी मारून सरळ व्हायचं आणि मनाला सांगायचं की आता जमीन इकडे आहे.

चंद्रावर उतरायची वेळ आली की सगळी विधी उलट. दोघे लँडरमध्ये गेले की तिसऱ्याने नरसाळं आणि सळई पुन्हा बसवायची, कारण परत येताना तीच लागणार. झाकणं लावायची, बारा अडसर एकेक करून हाताने मोकळे करून पुन्हा चापासारखे ताणून ठेवायचे, बोगद्यातली हवा बाहेर सोडायची आणि मग सुटं व्हायचं.

इथे हवा पूर्ण सोडणं महत्त्वाचं. बोगद्यात थोडी जरी हवा उरली, तरी सुटताना ती बाटलीच्या बुचासारखा धक्का देते. अपोलो ११ चा लँडर ठरलेल्या जागेपेक्षा काही किलोमीटर पुढे उतरला. त्याच्या कारणांमध्ये बोगद्यात उरलेल्या हवेच्या या धक्क्याचंही नाव घेतलं जातं. पुढे जाऊन पडल्यामुळे आर्मस्ट्राँग यांना मोठमोठ्या दगडांचा भाग दिसला आणि इंधन संपत आलेलं असताना सपाट जागा शोधावी लागली. ही उरलेली हवा लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पुन्हा येणार आहे.

ही सगळी पद्धत चंद्राकडे नेण्याआधी मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ने पृथ्वीभोवतीच तपासली. जेम्स मॅकडिव्हिट आणि रस्टी श्वाइकार्ट बोगद्यातून लँडरमध्ये गेले. जोडलेल्या दोन यानांमध्ये आतल्या आत माणसं जाण्याची ही पहिलीच वेळ. मग लँडर सुटा करून ते मुख्य यानापासून दीडशे किलोमीटरहून दूर गेले. मुख्य यानात एकटे डेव्हिड स्कॉट होते. परत जोडता आलं नसतं तर दोघांना पृथ्वीवर उतरायचा मार्ग नव्हता. ते आले, जोडले गेले आणि दारातून घरी परतले.

बोगदा तुंबला तर काय, याचाही विचार झाला होता. अशा वेळी प्रेशर सूट घालून बाहेरून, यानावरच्या दांड्या धरत पलीकडे जायचं. श्वाइकार्ट त्याचा सराव करणार होते. पण आदल्या दिवसांत त्यांना मळमळीचा त्रास झाला होता, म्हणून बेत आखडता घेतला गेला. ते लँडरच्या दारातल्या छोट्या ओट्यावर उभे राहिले, दांड्या धरून पाहिल्या आणि आत आले.

वाटच नसेल तर?

सोव्हिएत संघाने नेमकी ही बाहेरची वाट निवडली होती. १६ जानेवारी १९६९ रोजी सोयूझ ४ आणि सोयूझ ५ ही यानं जोडली गेली. मधून जायला दार नव्हतं. येवगेनी ख्रुनोव्ह आणि अलेक्सेई येलिसेयेव्ह सूट घालून सोयूझ ५ मधून बाहेर पडले आणि पोकळीतून सोयूझ ४ मध्ये गेले. तिथे व्लादिमीर शातालोव्ह होते. जाताना या दोघांनी त्यांच्यासाठी पत्रं आणि त्यांच्याच उड्डाणाची बातमी छापलेली वर्तमानपत्रं नेली होती.

त्यांची चंद्रमोहीमही याच पद्धतीची आखलेली होती. दोनच अंतराळवीर. एकाने मुख्य यानात थांबायचं, दुसऱ्याने बाहेरून लँडरमध्ये जायचं, एकट्याने चंद्रावर उतरायचं आणि वर आल्यावर गोळा केलेले दगड घेऊन पुन्हा बाहेरूनच परतायचं. त्यांची जोडणी साधी आणि हलकी होती. एका यानावर सळई, दुसऱ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी भोकांची थाळी. सळई कुठल्याही भोकात गेली की झालं. बोगद्याचं वजन वाचलं. पण दिवसभर चंद्रावर राबलेल्या माणसाने, फुगून ताठ झालेल्या सूटमध्ये, हातात नमुने धरून बाहेरून यायचं, हा भार त्या एकट्यावर पडणार होता. प्रत्यक्षात ती वेळ आली नाही. त्यांचं एन-१ हे महाकाय रॉकेट १९६९ ते १९७२ मध्ये चार वेळा उडालं आणि चारही वेळा अपयशी ठरलं.

सोव्हिएत अभियंते यातून पुढे गेले. सोयूझच्या नव्या जोडणीत त्यांनी सळई थेट दारावरच बसवली, म्हणजे दार उघडलं की सळईही त्याच्याबरोबर बाजूला होते. अशाच सोयूझमधून एप्रिल १९८४ मध्ये आपले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा साल्युत ७ स्थानकात गेले.

सहाव्या खेपेला

जोडणीने चांगलाच घाम फोडला तो अपोलो १४ ला, ३१ जानेवारी १९७१ रोजी. पृथ्वीवरून निघून चंद्राच्या वाटेला लागल्यावर मुख्य यान सुटं व्हायचं, उलटं फिरायचं आणि रॉकेटच्या वरच्या टप्प्यात ठेवलेल्या लँडरला जोडून त्याला बाहेर काढायचं. स्टुअर्ट रूसा यांनी सळई नरसाळ्यात नेली, पण खटके लागेनात. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. लँडर मिळाला नाही तर चंद्रावर उतरणं नाहीच.

पावणेदोन तासांच्या झटापटीनंतर सहाव्या प्रयत्नात वेगळी युक्ती केली. सळईचे खटके लागण्याची वाट बघायची नाही. यान पुढे रेटत ठेवायचं आणि त्याच वेळी सळई आत ओढून घ्यायची, म्हणजे दोन्ही कडा थेट भिडतील आणि बारा अडसर स्वतःच पकडतील. अडसर लागले.

मग त्यांनी सळई काढून आत आणली आणि बारकाईने तपासली. काही बिघाड सापडला नाही. परत येताना याच सळईने पुन्हा जोडायचं होतं, तरीही विचारांती मोहीम पुढे नेली. अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावर उतरले आणि परतीची जोडणी पहिल्याच प्रयत्नात लागली. एरवी ती सळई लँडरबरोबर सोडून देत. ही मात्र तपासासाठी पृथ्वीवर आणली गेली. हाताने काढता येत होती, डोळ्यांसमोर धरून बघता येत होती, म्हणून निर्णय घेता आला.

अपोलो १३

आणि आता ती रात्र. १३ एप्रिल १९७०. अपोलो १३ पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरच्या पुढे होतं. लँडर जोडलेला, बोगदा उघडा. ऑक्सिजनची एक टाकी फुटली.

सुरुवातीला काय झालंय ते कुणालाच कळेना. लँडरला उल्का लागून तिकडून हवा गळत असेल, असाही संशय आला. पाणबुडीत पाणी शिरलं की मधलं दार बंद करतात, त्याच विचाराने जॅक स्वायगर्ट आणि मग जिम लव्हेल मधलं झाकण लावायला धावले. झाकण काही केल्या नीट बसेना. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि ते बांधून बाजूला ठेवलं. हवा लँडरमधून जात नव्हतीच. मरत होतं ते मुख्य यान, आणि जिवंत होता तो लँडर.

मग त्याच उघड्या दारातून फ्रेड हेज आणि लव्हेल लँडरमध्ये गेले. स्वायगर्ट यांनी मुख्य यान बंद केलं, कारण पृथ्वीवर उतरण्यापुरती त्याची बॅटरी शिल्लक ठेवायची होती. दोन माणसांना दोन दिवस पुरेल इतक्या बेताने बांधलेल्या लँडरने तीन माणसांना जवळपास चार दिवस तगवलं. मुख्य यानातले हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे बोगद्यातून लँडरमध्ये आणून, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे आणि चिकटपट्टीने जोडले गेले. नेहमी मुख्य यानाकडून लँडरकडे जाणारी वीज शेवटी उलटी, लँडरकडून मुख्य यानाकडे आणून त्याची बॅटरी भरली. हे सगळं त्या एका बोळातून चाललं होतं.

विचार करा, बोगदा नसता तर? मुख्य यानाची वीज संपत असताना तिघांनी सूट घालायचे, हवा बाहेर सोडायची, पोकळीतून पलीकडे जायचं, आणि पुन्हा परत यायचं. डबे कसे नेले असते? तारा कशा जोडल्या असत्या?

शेवटचा पेच परतीच्या दिवशी होता. वातावरणात शिरायच्या आधी लँडर सोडायचा होता. एरवी मुख्य यानाच्या मागच्या भागातले थ्रस्टर वापरून दूर व्हायचं, पण तो निकामी झालेला भाग आधीच टाकून दिलेला होता. मग लँडरला ढकलायचं कशाने? बोगद्यातल्या हवेने. अपोलो ११ ला नको असलेला तोच बुचाचा धक्का इथे मुद्दाम वापरायचा. हवा कमी ठेवली तर लँडर पुरेसा दूर जाणार नाही, जास्त ठेवली तर झाकणाला इजा होईल. किती दाब ठेवायचा याच्या हिशोबासाठी कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या अभियंत्यांना विचारण्यात आलं. त्यांनी काही तासांत आकडा काढून दिला. लँडर सुटला, दूर गेला, आणि १७ एप्रिलला तिघेही सुखरूप समुद्रात उतरले.

आपलं दार

१९७५ मध्ये अपोलो आणि सोयूझ एकमेकांना जोडले गेले तेव्हा दोन देशांच्या अभियंत्यांनी सळई आणि नरसाळं सोडून दिलं. दोन्हीकडे सारखीच कडी, पाकळ्यांसारखे दुवे आणि मध्ये मोकळी जागा, अशी जोडणी केली. उंबऱ्यातला खांब गेला. दोन्ही यानांतली हवा मात्र वेगळी होती, म्हणून मध्ये एक छोटी खोली ठेवून, तिथे थांबून दाब जुळवून मगच पलीकडे जावं लागे. आजच्या ड्रॅगनची जोडणीही मध्ये मोकळी असणाऱ्या कडीचीच आहे, आणि चंद्रावर माणूस परत नेण्याच्या नव्या आराखड्यातही ओरायन यानातून लँडरमध्ये जायचं ते अशाच वाटेने.

आपल्या इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत १६ जानेवारी २०२५ रोजी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह जोडून दाखवले. हे करणारा आपला देश चौथा. १३ मार्चला ते सुटेही केले आणि नंतर पुन्हा जोडून एकातून दुसऱ्यात वीजही नेली. बातम्यांमध्ये जोडणीचं कौतुक जास्त झालं, सुटं करण्याचं कमी. मला सुटं झालेलं बघून जास्त समाधान वाटलं. पूल बांधताना तो कसा काढायचा हे ज्याला माहीत नाही, त्याला आम्ही पुलावर पाठवत नसू.

स्पेडेक्सच्या कडीतून माणूस जाणार नव्हता. पुढच्या चांद्रयान ४ मोहिमेतही चंद्रावरची माती जोडणीतून पलीकडे जाईल, माणूस नाही. पण २०३५ पर्यंत आपलं स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, हे उद्दिष्ट देशाने जाहीर केलं आहे. त्या दिवशी दोन भारतीय यानांच्या मध्ये एक झाकण असेल आणि त्याच्यापाशी आपला कुणीतरी मुलगा किंवा मुलगी काट्याकडे बघत थांबलेली असेल.

तेव्हा ताई, टीव्हीवर यान लागलं आणि पुढे काही होत नाही असं दिसलं, तर पेढे लगेच संपवू नका. थोडे दार उघडेपर्यंत ठेवा.

पुढच्या भागात दार ओलांडून पलीकडे जाऊ आणि स्थानकात दिवस कसा जातो ते बघू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.